जर्मलचं टेबल

लंकाबाई गेले आठ महिने भांडत होती. नळावर भांडत होती, किराणा दुकानात भांडत होती, बाजारात मेथीची जुडी हातात धरून भांडत होती. भांडण एकच होतं. तिचा नवरा गहिनीनाथ सुतार संगमनेरात भाऊसाहेबाच्या लाकडाच्या वखारीत चक्रीवर, म्हणजे मोटरवर गोल फिरणाऱ्या करवतीवर, कामाला होता. माघ महिन्यात त्या चक्रीनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नेली आणि तिसऱ्याचं पेर नेलं. माणूस दवाखान्यातून घरी यायच्या आत भाऊसाहेबानं गावभर सांगून टाकलं, की गहिनीनाथ पिऊन कामाला उभा होता.

पिऊन! तिचा नवरा! आठ वर्षं त्याच्याशी संसार केला होता तिनं. कधी वास आला नव्हता तोंडाला. आणि हा वखारवाला, ज्याच्या चक्रीचं लाकडी टेबल लटलट हलायचं, ज्याच्या एका पायाखाली विटेचा तुकडा सारलेला असायचा, तो उठून असं बोलतो? गहिनीनाथनं तीनदा सांगितलं होतं त्याला, टेबल बदला म्हणून. घरी येऊन लंकाबाईलाही सांगितलं होतं. बदललं का? नाव नको!

ती वखारीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. "भाऊसाहेब, जिभेला काही हाड? माझ्या मालकाची बोटं खाल्ली तुमच्या मोडक्या टेबलानं, आन वर त्यालाच दारुडा म्हणता व्हय?" भाऊसाहेब गादीवरून उठलासुद्धा नाही. पान लावत म्हणाला, "बाई, नवऱ्यालाच विचार घरी जाऊन."

विचारलं होतं तिनं. शंभरदा विचारलं होतं. गहिनीनाथ मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे ना. टेबल हलत हुतं एवढं खरं." जाऊ दे म्हणे! काय जाऊ दे? गावात कुणी साधी खुर्ची दुरुस्तीला देईना. दारुड्याच्या हातून चौकट कशाला करून घ्यायची, असं तोंडावर म्हणायचे लोक. तिला त्या भाऊसाहेबाचा जेवढा राग यायचा, त्याच्या वर दोन बोटं नवऱ्याच्या त्या खाली घातलेल्या मानेचा यायचा. अरे, निदान नाही तरी म्हण! एकदा ओरडून म्हण! पण नाही. तिनंच ओरडायचं, तिनंच भांडायचं, आणि यानं भिंतीकडं तोंड करून पडायचं.

तो भिंतीकडून वळला तो एस.टी.मुळं. जखमेची पट्टी बदलायला नगरच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागायचं. एकदा खिडकीशी बसला होता. काच पुढं सारली, मागं सारली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. राहुरी येईपर्यंत हेच. शेवटी कंडक्टर खेकसला, "ओ पाव्हणं, मोडायची का खिडकी?" गहिनीनाथ घरी आला आणि बोटं गेल्यापासून पहिल्यांदा आपणहून बोलला.

"लंके, काच कशात सरकती बघितलंस का? जर्मलच्या पट्टीत खाच असती. इतकी सरळ, की रंध्यानं मला जन्मात करता यायची न्हाई."

अॅल्युमिनियमला आमच्याकडं जर्मल म्हणतात. जर्मलचं पातेलं, जर्मलची किटली. लंकाबाई म्हणाली, "मग?"

"मग चक्रीच्या टेबलावर दोन्ही बाजूंना तसली खाच असली, तर त्यात एक फळी सरकवायची. लाकूड फळीवर ठिवायचं, आन फळी सारायची. हात पात्याजवळ जायालाच नको. आपलं सोत्ताचं टेबल, लंके."

चंदनापुरीच्या घाटात एक खाजगी बस उलटलेली होती, तिचा सांगाडा नाशिक रोडवरच्या भंगारवाल्यानं आणून टाकला होता. आत अॅल्युमिनियमचे चौकोनी पोकळ दांडे, खिडक्यांच्या खाचेच्या पट्ट्या, जमिनीचा जाड पत्रा. लंकाबाईनं पायातले तोडे काढून दिले आणि हातगाडीवर ते सगळं घरी आणलं. गल्लीतली पोरंबाळं मागं. बायका दारात. "काय गं लंके, भांड्याचा कारखाना काढती का?" तिनं उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरात आणखी एक टोमणे मारणारा होता. सासरा, सूर्यभान. उभ्या आयुष्यात बाभळीशिवाय दुसऱ्या कशाला हात न लावलेला माणूस. त्यानं केलेली बैलगाडीची चाकं अजून अकोल्याच्या बाजूला फिरतात असं तो सांगायचा. तो ओट्यावर बसून म्हणायचा, "सुताराच्या घरात भांड्याचा धातू. करा, करा. उद्या लाटणं बी जर्मलचं करा."

सुरुवातीला गहिनीनाथनं चूक केली ती सुतारानंच करावी अशी. दांड्यांना खोबणी पाडल्या, एकात एक बसवले, वरून लाकडाची पाचर ठोकली आणि रात्रभर ओला गोणपाट गुंडाळून ठेवला. लाकूड असतं तर फुगून आवळलं असतं. सकाळी मोटर लावली आणि टेबल खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं. लंकाबाईनं कपाळाला हात लावला. "अवो, पातेलं पान्यात ठिवल्यावर कधी फुगलंय का? मला तरी विचारायचं!" मग पाचरी काढल्या. कोपऱ्याकोपऱ्यात जाड पत्र्याचे तुकडे लावले, नटबोल्ट घातले, नटावर दुसरा नट आवळला. तीन बोटांच्या हातानं पाना धरवेना तेव्हा लंकाबाई डोळ्यात पाणी आणून बघत बसली नाही, तिनं दुसरा पाना धरला.

श्रावण संपता संपता टेबल उभं राहिलं. चार पांढरे चकचकीत पाय, वर पत्रा, मध्ये पातं, विहिरीवरच्या जुन्या पंपाची मोटर खाली, आणि पात्याच्या दोन्ही अंगांना खिडकीच्या खाचा. त्या खाचांत सागवानी फळी, तिला दोन मुठी, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही मुठी धरून हलकं ढकललं तरी मोटरीच्या आवाजात ती फळी लोण्यासारखी सरकायची. लंकाबाईला त्या दिवशी हसू आलं होतं.

तेवढ्यात हायस्कूलच्या नव्या इमारतीचं काम निघालं. पोरांना बसायला साठ बाकं हवी होती. भाऊसाहेब शाळेच्या समितीवर होता. त्याला वाटलं, काम आपल्याच वखारीत येणार, दुसरीकडं जाणार कुठं? पण हेडमास्तर कानवडे नवे होते आणि कुणाच्या खिशात नव्हते. लंकाबाई त्यांच्या घरी जाऊन बसली. उठेचना. शेवटी ते म्हणाले, "बाई, लोक पुष्कळ काही सांगतात. मी दसऱ्याला सकाळी नऊ वाजता येतो. माझ्या डोळ्यांसमोर फळी कापून दाखवू दे. सरळ कापली, आणि माणसाला इजा व्हायची भीती दिसली नाही, तर बाकं त्याची."

एवढंच होतं सगळं. दसऱ्याला फळी सरळ कापली, की गहिनीनाथ पुन्हा सुतार. नाही कापली, तर दारुडा थोटा. लंकाबाईला मधलं काही दिसत नव्हतं आणि गावालाही मधलं काही ठाऊक नव्हतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. सुताराच्या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. करवत, रंधा, वाकस, पटाशी, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. यंदा टेबलाची पूजा होती. झेंडूची माळ घातली. गहिनीनाथ अंघोळ करून आला. आणि सूर्यभान, जो सहा महिने टोमणे मारत होता, तो डोक्याला फेटा बांधून पुढं आला, हातात नारळ.

म्हाताऱ्याचं मन पालटलं होतं. टेबल लेकानं तीन बोटांच्या हातानं उभं केलं, हे त्यानं बघितलं होतं. त्याला मान द्यायचा होता टेबलाला. दरवर्षी तो नारळ बाभळीच्या ओंडक्यावर फोडायचा, ज्यावर ठेवून लाकूड तासतात त्या. यंदा म्हणाला, "आता मोठा द्येव हा." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं दोन्ही हातांनी नारळ उचलून टेबलाच्या कडेवर हाणला. नेमका खाचेच्या पट्टीवर.

नारळ फुटला. पट्टीही दबली.

गहिनीनाथनं फळी सरकवून बघितली. वीतभर आली आणि अडकली. खाचेचे दोन्ही ओठ आत वळले होते.

लंकाबाई फुटली. "मामंजी! अवो काय केलंत हे! लाकूड हाय का ते? बाभूळ हाय का? सहा म्हैने माझ्या जिवाचं पानी करून उभं केलं ते, आन तुमी एका फटक्यात वाट लावली! उद्या नऊ वाजता मानूस येनार हाय! त्याला काय दाखवू, खोबरं?"

म्हाताऱ्याचा फेटा सुटून खांद्यावर आला होता. "मान दिला मी," तो म्हणाला. "मला काय ठावं, इतकं मऊ असंल."

"मऊ हाय म्हनूनच तर सहा म्हैने हसत हुता न्हवं?"

गहिनीनाथनं हातोडीकडं हात नेला. आणि तो म्हातारा, एवढा घात करून, आडवा आला. "न्हाई! नवमी हाय. मांडलेल्या हत्याराला शिवायचं न्हाई. माझ्या बापानं कधी शिवलं न्हाई, मी कधी शिवलो न्हाई. आदीच तुझी बोटं ग्येली, आनखी काय घालवायचंय?" आणि गहिनीनाथचा हात खाली गेला. बापाचा शब्द, नवमीचा दिवस, आणि त्याची ती मान. पुन्हा खाली.

लंकाबाईला संताप आला. हा असाच उभा राहणार. उद्या कानवडे सर येतील, भाऊसाहेब येईल हसायला, आणि हा असाच मान घालून उभा राहणार. ती तरातरा घरात गेली. चुलीपाशी उलथणं होतं, लोखंडी, चपट्या तोंडाचं. मोरीत कपडे धुवायचं धोपटणं होतं. दोन्ही घेऊन बाहेर आली.

"सूनबाई, शिवू नगंस," म्हातारा म्हणाला.

"हे उलथनं माझं हाय, मामंजी. हे धोपटनं माझं हाय. ह्यांची पूजा कुनी मांडलीय? तुमच्या हत्याराला मी बोट लावनार न्हाई. आन पट्टीचं म्हनाल, तर जर्मल हाय ते. भांड्याचा धातू. तुमीच म्हनत हुता. भांड्याला पोचा आला तर कोन काढतं घरात? तुमी काढता?"

म्हातारा ओट्यावर जाऊन बसला.

पोचा काढायचं काम तिनं हजारदा केलेलं होतं. जर्मलचं पातेलं हातातून पडतं, दबतं, मग आतून टेकू देऊन बाहेरून हळूहळू ठोकायचं. जोर केला की चीर जाते. तिनं उलथण्याचं तोंड खाचेत घातलं आणि ओठ थोडा वर उचलला. मग आतच उलथणं धरून बाहेरून धोपटण्यानं टकटक. पुन्हा जरा पुढं. गहिनीनाथ शेजारी उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून खाचेतून बघायला लागला. "डावीकडं अजून दोन अंगुळं. हळू. हळू, लंके. आता आतल्या बाजूनं."

"तोंडानं सांगता येतं म्हनायचं तुमाला," ती म्हणाली. दुपार टळेपर्यंत ती ठोकत होती. हाताला फोड आले. ऊन उतरलं तेव्हा उलथणं पट्टीच्या एका टोकाला घातलं आणि बोटानं ढकललं, ते न अडकता दुसऱ्या टोकाला गेलं. गहिनीनाथ काहीतरी बोलणार होता. तिनं बोलू दिलं नाही. रागच इतका होता.

दसऱ्याला नऊला कानवडे सर आले. सायकलवरून, धोतराला क्लिप लावून. आणि तिला वाटलं होतं तसंच झालं, मागून भाऊसाहेबही आला, समितीचा माणूस म्हणून. बरोबर वखारीतली चार माणसं, त्यांत वरकड कामं करणारा छगन. गल्लीनं तर भिंतीच धरल्या होत्या.

सरांनी टेबल चारी बाजूंनी बघितलं. पाय हलवून बघितले. फळी सारली. मग एकाच मुठीला धरून सारायला गेले, तर फळी तिरकी होऊन थांबली.

"हे अडकलं की हो."

"व्हय सर," गहिनीनाथ म्हणाला. "मुद्दाम केलंय. एका हातानं सारली की अडकती. दोन्ही हात दोन्ही मुठींवर असले तरच सरकती. मंजी एक बी हात मोकळा ऱ्हात न्हाई पात्यात जायाला."

"हे चांगलं सुचलं तुम्हाला."

भाऊसाहेब हसला. "सुचंल नाय तर काय? बाटली धरायला हात मोकळा राहू नये म्हणून केलंय, सर."

वखारीतली माणसं हसली. लंकाबाई पुढं सरसावली. "ए भाऊसाहेब! लाज वाटती का जरा? आठ म्हैने झाले, तुझ्या तोंडात एकच..."

"लंके, थांब," गहिनीनाथ म्हणाला.

ती थांबली ती आश्चर्यानं. त्यानं मान वर केली होती.

"सर, भाऊसाहेब खोटं बोलत न्हाईत. मी पिऊन हुतो त्या दिशी."

लंकाबाईला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिला कळलं की नीटच ऐकलं. तिनं टेबलाची कड धरली.

"पन पाजली कुनी, ते बी सांगा म्हना त्येन्ला," गहिनीनाथ म्हणाला. "माघात चौकटींची घाई हुती. आमाला घरी जाऊ द्यायचे न्हाईत. रोज दिवेलागणीला वखारीत डबा यायचा. हातभट्टीची. थंडी वाजू नये, झोप येऊ नये म्हनून. जो घेनार न्हाई, त्याला उद्या फाटकातून आत घेनार न्हाई म्हनून दम द्यायचे. मी धा दिवस न्हाई म्हनलो. अकराव्या दिशी घेतली. त्याच दिशी बोटं ग्येली. ते सांगायचं तर आधी मी पेलो हे सांगावं लागत हुतं. घरी कसं सांगू? ही गावभर माझ्यासाठी भांडत हुती."

"काय पुरावा?" भाऊसाहेब ओरडला. "थोटा झालास म्हणून काय वाट्टेल ते बोलशील?"

मागून कुणीतरी बोललं. छगन होता. जमिनीकडं बघत बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "डबा मीच आनायचो, सर."

भाऊसाहेब त्याच्याकडं वळला, पण छगन तिथून हलला नाही. हसणारी माणसं आता हसत नव्हती. त्यांतल्या एकानं नाक पुसलं. सर भाऊसाहेबाला म्हणाले, "समितीची बैठक सोमवारी आहे. हे तिथं पुन्हा सांगायला लागेल, तुम्हालाही आणि मलाही. गहिनीनाथ, मी फळी बघायला आलोय. चालू करा."

गहिनीनाथनं सरकत्या फळीवर लाकूड ठेवलं आणि कळ दाबली. पातं किंचाळलं. त्याचे हात मुठींवर गेले तेव्हा सगळ्यांना दिसले, डावा पुरा आणि उजवा अर्धा. मग त्यानं फळी सारली. ती सरकत गेली, काल दबलेल्या जागेवरूनही सरकत गेली, आणि लाकडाचे दोन तुकडे झाले. सरांनी खिशातली पट्टी काढून कडेला लावली. पट्टी आणि लाकूड यांच्यात उजेड दिसला नाही.

"बाकं तुमची," सर म्हणाले आणि सायकलला टांग मारून गेले. भाऊसाहेब त्यांच्याआधीच निघाला होता, वखारीची माणसं त्याच्या मागं गेली नाहीत. सूर्यभान ओट्यावर फेट्याचा सोगा डोळ्याला लावून बसला होता. गल्लीतल्या बायका लंकाबाईला म्हणाल्या, "आता तरी हस गं!"

ती हसली नाही. तिनं पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, सासऱ्याला वाढलं. वखारीच्या दारात तिनं पाठच्या भावाची शपथ घेतली होती, माझा नवरा पीत नाही म्हणून. धडधडीत खोटी शपथ, आणि हा माणूस रोज तिच्या ताटातलं जेवून, तिला उद्या पुन्हा भांडायला पाठवत होता. भाऊसाहेबानं त्याला पाजली हे खरं. पण तिला आठ महिने गावापुढं खोटं बोलायला लावलं ते कुणी?

संध्याकाळी सीमोल्लंघनाहून गहिनीनाथ आला. ओंजळीत आपट्याची पानं होती. तिच्यापुढं येऊन उभा राहिला. मान खाली नव्हती. "सोनं घे, लंके."

लंकाबाईनं त्याच्याकडं बघितलं. आठ महिने त्याच्याकडं बघितलं की पहिल्यांदा तिला कीव यायची आणि मग राग. आज कीव आली नाही. नुसता राग आला, धडधाकट माणसाचा येतो तसला.

"न्हाई घेनार," ती म्हणाली. "आज न्हाई, उद्या न्हाई. साठ बाकं कर आदी. मी काय बोलायचं ते बोलून हुईल तवर. लई बोलायचंय मला. आन मान खाली घातलीस तर याद राख."

"न्हाई घालत," तो म्हणाला, आणि पानं हातात धरून तिथंच ऐकायला बसला.